हातात काय होतं?

गुरुवारी संध्याकाळी साडेसहाला
उल्लेच्या पियानो-दुरुस्तीच्या खोलीत आम्ही चौघं.
बाहेर तार्तूचा फेब्रुवारी, नदी गोठलेली.
आत सरस, लाकडाचा भुसा, किटलीची वाफ,
आणि दात काढल्यासारखा एक पियानो,
ज्याच्या पट्ट्या आज टेबलावर, माझ्या कथेशेजारी.

नियम एकच: ज्याचं लिखाण, त्यानं तोंड उघडायचं नाही.
हा नियम हेल्दुरचा.
पूर्वी जमीनमोजणी खात्यात होता. अजूनही
वाक्याकडे एक डोळा मिटून बघतो,
वाकडं दिसलं की समासात बारीकसा काटकोन काढतो.
सहा वर्षांत स्वतःचं एकही पान त्यानं आणलं नव्हतं.

पहिल्या वर्षी मी रडले होते, घरी जाताना, पुलावर.
वडिलांवरची बारा पानं.
त्यानं पहिली चार अलगद बाजूला केली,
माशाचे काटे काढावेत तशी,
आणि विचारलं,
“दार उघडलं तेव्हा त्यांच्या हातात काय होतं?”
मला कुठे ठाऊक!
मी ‘दुःख’ लिहिलं होतं. तीनदा.
महिनाभर मनातल्या मनात त्याला शिव्या घातल्या.
मग दवाखान्यात, दुसऱ्याच कुणाच्या
दाढेचा साचा धुताना, आठवलं:
इस्त्रीची तुटलेली वायर.
सोनारानंच कान टोचावेत म्हणतात.
कान पिकला, ते कुणी सांगत नाही.

मारिका वेगळी. तिला सगळंच आवडतं.
“छान,” म्हणते, आणि राईच्या पावाचा तुकडा पुढे करते.
आधी वाटायचं, हिचा काय उपयोग?
पण ज्या ओळीला ती ‘छान’ म्हणायला विसरते
त्या ओळीत हमखास मी खोटं बोललेली असते.

या गुरुवारी हेल्दुरनं कोटाच्या आतल्या खिशातून
एक कागद काढला.
अकरा ओळी. वाचल्या उल्लेनं,
तो खिडकीकडे बघत बसला.

दोन भाऊ. मार्चमधला बर्फ, वरून पांढरा, खालून पोखरलेला.
धाकटा पुढे. मग धाकटा नाही.
मग काठाशी पालथा पडलेला थोरला, पाण्यात खांद्यापर्यंत हात,
आणि त्या हातात
एक लोकरीचा हातमोजा, आतून अजून गरम.

आणि अकरावी ओळ:
‘मी नऊ वर्षांचा होतो. माझी चूक नव्हती.’

किटली केव्हाची उकळत होती, कुणी उठेना.
सहा वर्षं तो एकच प्रश्न का विचारत होता
हे कळायला मला इतका वेळ लागला.
बोलायची पाळी माझी होती.
गोड काहीतरी बोलून सुटता आलं असतं,
पण हा माणूस माझ्याशी कधी तसा वागला नव्हता.
“दहाव्या ओळीवर संपतं,” मी म्हटलं. “शेवटची नको.”

मारिकानं पाव खाली ठेवला.
“राहू दे ना त्याला! एवढी एक ओळ!”
तिचा चढलेला आवाज आम्ही पहिल्यांदाच ऐकला.
उल्ले म्हणाली, कवितेला ती जड होतेय.
मारिका म्हणाली, कवितेचं बोलतंय कोण?
अर्धा तास आम्ही भांडलो, त्याच्या डोक्यावरून,
आणि तो गप्प, स्वतःच्याच नियमात अडकलेला.

शेवटी त्यानं खुणेनं उल्लेची पोलादी पट्टी मागितली,
कागदावर नीट बसवली, एक डोळा मिटून,
आणि शेवटची ओळ फाडून काढली.
बसच्या तिकिटाएवढी चिंचोळी पट्टी.

दहा ओळी टेबलावर सरकवल्या, आमच्याकडे.
पट्टीची घडी घातली, पाकिटात ठेवली.
“कवितेला नको असेल,” म्हणाला.
“मला लागते.”

मग चष्मा पुसत माझ्याकडे वळला:
“हं. तुझी पानं काढ.”